भिंत उंच करू नका, जाळी आत वाकवा: अंगणात मांजर सुरक्षित ठेवण्यासाठी

आमची पहिली मांजर बाळी. दोन वर्षांची होती. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी ती गेटच्या खालून निघाली आणि समोरच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकखाली आली. जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर-यावलच्या पट्ट्यात केळीचे ट्रक दिवसरात्र धावतात, त्यात ड्रायव्हरची काही चूक नव्हती. चूक माझी होती, कारण गेटखालची ती पाच इंचांची फट मी रोज झाडताना बघत होते. तेव्हाच ठरवलं, पुन्हा मांजर आणायचं तर आधी अंगण तयार करायचं.

दुसरी मांजर ठमी. तिच्यासाठी केलेलं कुंपण मी दोनदा मोडून तिसऱ्यांदा बांधलं. सासूबाई म्हणायच्या, "मांजर काय बांधी ठेवानं जनावर शे का?" त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. दोरीने बांधलेलं मांजर झुरतं, आणि कायम घरात कोंडलेलं मांजर पडदे फाडतं नाहीतर नुसतं झोपून लठ्ठ होतं. पण मोकळ्या मांजराच्या वाटेवर रस्ता, मोकाट कुत्री, दुसरे बोके, उंदरांचं औषध आणि साप आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना बिबट्याचीही धास्ती असते. म्हणून अंगण मांजराचं आणि अंगणाची हद्द आपली, एवढी वाटणी करायची. ती कशी करायची, ते खाली क्रमाने सांगते.

मांजर निसटतं कसं, ते आधी समजून घ्या

एकदा मी पायरीवर बसून ठमीला भिंत चढताना नीट बघितलं. ती भिंतीपासून हातभर मागे बसली. मान वर, नजर भिंतीच्या काठावर. मागचे पाय दोन-तीनदा जागच्या जागी हलले. मग ती उडाली, पण काठापर्यंत पोचलीच नाही. पुढचे दोन पंजे तेवढे काठावर अडकले, मागच्या पायांनी प्लास्टरवर दोनदा ओरखडलं आणि पुढच्या क्षणी ती वर उभी होती.

सगळं गणित यात आहे. धडधाकट मांजर उभ्या उडीत पाच-सहा फूट सहज गाठतं. भिंत पाच फुटांची असेल तर त्याला भिंत चढावी लागतच नाही, फक्त काठ पकडावा लागतो. भिंत आठ फुटांची केली आणि ती खरबरीत असेल किंवा जाळीची असेल, तर मांजर शिडीसारखं चढतं. माझी पहिली चूक हीच होती. मी आठ फुटांची चेनलिंक जाळी लावून घेतली. ठमी दहा सेकंदांत वर पोचली आणि उतरता येईना म्हणून तासभर ओरडत राहिली. मांजराच्या नख्या मागे वळलेल्या असतात, त्यामुळे चढणं त्याला सोपं आणि डोकं खाली करून उतरणं अवघड. उंच जाळीने मांजर थांबलं नाही, उलट जास्त उंचीवरून पडायची भीती तेवढी वाढली.

मांजराला थांबवणारी गोष्ट एकच: जिथे काठ असतो, तिथे काठ मिळूच द्यायचा नाही. त्यासाठी कुंपणाचा वरचा भाग आतल्या बाजूला, म्हणजे मांजराच्या डोक्यावर, छत्रीसारखा वाकवायचा. चढत आलेलं मांजर त्या वळणाखाली येतं. पुढे जायचं तर पाठ जमिनीकडे करून, उलटं लटकून चालावं लागतं. तिथे जाळी थोडी ढिली असेल, पंजा ठेवताच हलत असेल, तर ते एकदा बघतं, दोनदा बघतं आणि खाली उतरतं.

खडू आणि टेप घेऊन एक संध्याकाळ

काम सुरू करण्याआधी खडूचा तुकडा आणि टेप घेऊन कंपाउंडच्या आतून एक फेरी मारा. उभं राहून नाही, जमेल तिथे उकिडवं बसून, कारण मांजर खालूनच बघतं. भिंतीपासून सहा फुटांच्या आत जे काही उंच आहे, त्या प्रत्येक वस्तूवर फुली मारा. आपल्याकडे ही यादी बहुतेक अशी निघते: खिडकीच्या लोखंडी स्टँडवरचा कूलर, पाण्याची टाकी, उभी मोटारसायकल, विटांचा ढीग, चुलीसाठी रचलेली पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या), कपडे धुवायचा दगड, गच्चीचा जिना. जुनं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं घर असेल तर धाबंच मोठा रस्ता असतो. मांजर जिन्याने धाब्यावर जाईल आणि तिथून शेजारच्या धाब्यावर. जिन्याला दार नसेल तर निम्मं कुंपण वाया गेलं असं समजा.

दुसऱ्या फेरीत फटी शोधा. जिथून मांजराचं डोकं जातं, तिथून बहुतेक सगळं मांजर जातं. मोठ्या मांजरासाठी दोन इंचांपेक्षा मोठी आणि पिलासाठी एक इंचापेक्षा मोठी फट राहता कामा नये. मोरीचं भोक, पावसाचं पाणी जायची वाट, गेटची खालची बाजू, भिंत आणि घर जिथे मिळतात तो कोपरा, हे सगळं मोजा. पाणी जायच्या वाटा बुजवू नका, त्यांना एक इंची सळ्यांची जाळी बसवा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तिथला कचरा काढा, नाहीतर अंगणात तळं होईल.

आता मोजमाप. माझं अंगण वीस फूट बाय पंधरा फूट आहे आणि एका बाजूला घर आहे. म्हणजे कुंपण लागतं वीस अधिक पंधरा अधिक पंधरा, एकूण पन्नास फूट. सहा-सहा फुटांवर खांब धरले तर तिन्ही बाजूंना मिळून दहा गाळे आणि अकरा खांब होतात. भिंत चार फुटांची आहे, त्यावर दोन फूट उभी जाळी आणि दोन फूट आत वाकलेली, म्हणून जाळीची रुंदी एकूण चार फूट लागते. कोपऱ्यांसाठी आणि जोडांसाठी पाच-सात फूट जास्तीची घ्या. हा हिशोब कागदावर लिहूनच दुकानात जा, नाहीतर दुकानदार शेताच्या कुंपणाचा हिशोब लावतो.

काळी माती आणि खांब

हा भाग बाहेरच्या मार्गदर्शनात सहसा सापडत नाही, आणि मला महागात पडला तो हाच. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दीड फुटाच्या खड्ड्यात पुरलेले माझे खांब मे महिन्यात ताठ होते. ऑगस्टमध्ये दोन खांब बाहेर झुकले, जाळी ताणली गेली आणि कोपऱ्यात हात जाईल एवढी फट पडली.

तुमची भिंत सिमेंटमध्ये बांधलेली, पक्की असेल तर खांब जमिनीत पुरू नका. प्रत्येक खांबाला खाली चार इंची प्लेट वेल्ड करून घ्या आणि ती फास्टनरने भिंतीच्या माथ्यावर किंवा आतल्या अंगाला घट्ट करा. भिंत जुनी, मातीच्या जोडाईची असेल तर फास्टनर धरत नाही, विटा सुटतात. अशा ठिकाणी भिंतीला लागून आतल्या बाजूला खांब पुरा.

पुरायचे असतील तर खड्डा अडीच फूट खोल आणि फूटभर रुंद घ्या. निघालेली काळी माती परत त्यात टाकू नका. तळाला अर्धा फूट मुरूम घाला आणि धुम्मस करून घट्ट बसवा, वर खांब उभा करून काँक्रीट ओता. काँक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर आणि उतरता ठेवा, म्हणजे पाणी खांबाशी साचत नाही. कोपऱ्यातल्या खांबांना आतून तिरपा टेकू द्या, कारण सगळा ताण तेच घेतात. सात दिवस पाणी मारा, त्यानंतरच जाळी ताणा. हे काम दिवाळी ते फेब्रुवारीच्या दरम्यान करा. भर मेमध्ये भेगाळलेल्या जमिनीत केलेलं काम पहिल्या पावसात हलतं.

जिथे भिंत नाही, नुसती जाळी आहे, तिथे खालून उकरण्याचा बंदोबस्तही लागतो. मांजर फारसं उकरत नाही, पण बाहेरचं कुत्रं उकरतं. जाळीच्या तळाशी फूटभर रुंदीची वेल्डमेशची (वेल्ड केलेल्या तारांच्या चौकोनी जाळीची) पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा, उभ्या जाळीला तारेने बांधा आणि वर मुरूम-दगड टाका. एप्रिलमध्ये भेगा पडल्या की त्यातही मुरूम भरा.

वरचं वळण

वेल्डिंगवाल्या जिभाऊंकडे गेले तेव्हा ते ऐकून थबकलेच. "ताई, समदा लोके बाहेर वाकाडतस, तुम्ही मझार काबरं सांगी राहिनात?" त्यांचंही खरं, कारण शेताच्या आणि बंगल्याच्या कुंपणाचे अँगल चोराला अडवायला बाहेर वाकवतात. आपल्याला आतलं अडवायचं आहे. ऑर्डर देताना कागदावर चित्र काढून द्या, मांजर कुठल्या बाजूला आहे ते त्यात दाखवा, आणि पहिला अँगल तयार झाला की भिंतीवर ठेवून बघा. माझ्या ओळखीत एकाचे सगळे अँगल उलटे होऊन आले होते.

मापं अशी. आतल्या जमिनीपासून वळण सुरू होईपर्यंत किमान सहा फूट उंची हवी. ही उंची अंगणातल्या सगळ्यात उंच जागेवरून मोजा. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा दीड फूट उंच असेल तर मांजराची जमीन तीच. वळणाचा हात दोन फूट, आतल्या बाजूला, जमिनीला समांतर किंवा किंचित वर गेलेला. अगदी उभ्याच्या जवळचा कोन ठेवला तर मांजर तेवढं चढून जातं. खांबाला 35 किंवा 40 मिलिमीटरचा अँगल पुरतो. प्रत्येक हातावर तीन भोकं पाडून घ्या, एक मुळाशी, एक मध्ये, एक टोकाला. त्यांतून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार सगळ्या बाजूंनी ओवून ताणा. या तारांवर जाळी झोपते.

जाळीसाठी दोन पर्याय आहेत आणि दोन्ही दोन ठिकाणी वापरावेत असं माझं मत आहे. खालच्या उभ्या भागात एक इंची वेल्डमेश, कारण तिथे बाहेरचं कुत्रं धडका देतं. वरच्या वळणात षटकोनी घरांची कोंबडी जाळी. ती हलकी असते, पंजाखाली डुगडुगते, आणि आपल्याला तेच हवं आहे. वरची जाळी वीणेच्या तारेसारखी ताणायची नाही. दोन तारांमध्ये बोटभर झोळ ठेवा. कबुतरांसाठी मिळणारी नायलॉनची जाळी स्वस्त आणि दिसायला छान असते, पण आपल्या उन्हात ती दोन-तीन उन्हाळ्यांत पिठासारखी तुटायला लागते, शिवाय एखादं हट्टी मांजर ती दातांनी कुरतडतं. घेतलीच तर दर वर्षी ओढून बघा.

जाळी दर सहा इंचांवर बाइंडिंग तारेने बांधा. पक्कडीने पीळ दिल्यावर तारेचं टोक वळवून आत दाबा. मोकळं राहिलेलं टोक मांजराच्या डोळ्याच्या उंचीवर येतं, हे माझ्या लक्षात ठमीच्या कानावरचा ओरखडा बघून आलं.

कोपऱ्यांकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन भिंती मिळतात तिथे मांजर एक पाय या भिंतीवर, एक त्या भिंतीवर असं करत वर जातं, आणि वरची दोन वळणं तिथे नीट जुळलेली नसतात. त्या जागी जाळीचा त्रिकोणी तुकडा कापून दोन्ही वळणांवर फूटभर चढवा आणि चारही बाजूंनी शिवा. घराच्या भिंतीला कुंपण जिथे टेकतं तिथेही तसंच. मी जेव्हा जेव्हा कोणाचं "सगळं केलं तरी मांजर जातंय" असं कुंपण बघायला गेले, तेव्हा बहुतेक वेळा वाट कोपऱ्यातच सापडली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आत वाकलेलं कुंपण बाहेरच्या बोक्याला अडवत नाही. तो बाहेरून चढून आत उडी मारतो आणि मग त्यालाही बाहेर जाता येत नाही. अशा वेळी जी मारामारी होते ती वाईट असते. तुमच्या भागात बोके फिरत असतील तर त्या बाजूला वाय आकाराचे अँगल करून घ्या, म्हणजे एक हात आत आणि एक बाहेर. बाहेरचा हात शेजाऱ्याच्या किंवा रस्त्याच्या हद्दीवर जातो, म्हणून आधी विचारा. भिंत सामाईक असेल तर आतल्या हातासाठीही विचारा. आमच्या शेजारच्या काकांना मी कागदावरचं चित्र दाखवलं, त्यांच्या मिरच्यांच्या वाफ्यात मांजराने उकरणं बंद होणार म्हणून तेच आनंदाने शिडी घेऊन आले.

भिंतीवर काचा रोवणं, काटेरी तार, शेतातलं झटका मशीन, यांपैकी काहीही मांजरासाठी वापरू नका. काचेने पंजाची गादी कापते, ती लवकर भरत नाही. करंट बसलेलं मांजर घाबरून कुठल्याही दिशेला पळतं, बहुतेक वेळा बाहेर. प्राण्यांना विनाकारण इजा करणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

भिंत आधीच उंच असेल तर फिरता पाइप

भिंत सहा फुटांच्या आसपास आणि गुळगुळीत प्लास्टरची असेल, तर जाळीशिवायही काम होतं. जळगाव जिल्ह्यात शेतातल्या पीव्हीसी पाइपचे तुकडे कोणाच्याही शेडमध्ये पडलेले असतात. तीन इंची पाइपचे लांब तुकडे घ्या, त्यात बारीक पाइप घाला, त्यातून जाड तार ओवा आणि भिंतीच्या माथ्यावर, आतल्या काठाला लागून, दोन आधारांमध्ये ताणून बसवा. मांजर उडी मारून काठ पकडायला जातं, मोठा पाइप त्याच्या पंजाखाली गोल फिरतो आणि ते खाली येतं. दोन तुकड्यांमध्ये एक इंचाच्या वर जागा सोडू नका, पंजा तिथेच अडकवतं. पाइपला रंग द्या, नाहीतर उन्हाने तो ठिसूळ होतो.

गेट

बाळी गेली ती इथून, म्हणून यात मी कुठलीच कसर ठेवली नाही. गेटच्या सळ्यांवर आतून पूर्ण उंचीची वेल्डमेश. खालच्या फटीला जाड रबराची पट्टी नटबोल्टने आवळलेली, जमिनीला घासत जाईल अशी. शेतात कन्व्हेअरचा जुना पट्टा मिळाला तर उत्तम. दोन पाखं जिथे मिळतात तिथे उभी पत्र्याची पट्टी. गेटच्या वर आत वाकलेला हात गेटलाच वेल्ड केला, गेट आत उघडत असल्यामुळे तो कशालाच अडत नाही.

जागा असेल तर गेटच्या आत चार फुटांवर जाळीचं दुसरं दार करा. पाहुणे आले की एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. लहान मुलांनाही हा नियम लगेच कळतो, मोठ्यांना पाटी लावावी लागते. कडी आपोआप पडणारी घ्या. आणि गाडी काढण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, थंडीत मांजर इंजिनाशी जाऊन बसतं.

झाडं आणि बाकीच्या शिड्या

फुली मारलेल्या वस्तू आता हलवा. पऱ्हाटी आणि विटा भिंतीपासून दूर. त्यात साप आणि विंचू राहतात, म्हणूनही दूर. कूलर हलवता येत नसेल तर त्याच्या वरून कुंपणापर्यंत सहा फुटांपेक्षा जास्त अंतर आहे ना ते बघा, नसेल तर तेवढ्या भागात जाळी उंच घ्या.

अंगणातला कडुनिंब तोडायची काही गरज नाही. खोडाला जमिनीपासून चार-पाच फुटांवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा. नख्या पत्र्यावर रुतत नाहीत. पत्र्याला खिळे मारू नका, तारेने किंवा स्प्रिंगने आवळा आणि दर वर्षी सैल करा, झाड वाढत असतं. भिंतीबाहेर गेलेल्या आणि बाहेरून आत आलेल्या फांद्या छाटा.

अंगण मांजराला आवडलं पाहिजे

कुंपण मांजराला अडवतं, पण त्याला अंगणात थांबावंसं वाटायला आणखी काही लागतं. मांजराला उंच जागा, लपायची जागा, नख्या घासायची जागा आणि उकरायला माती हवी असते. जुन्या खाटेच्या पायाला सुंभ घट्ट गुंडाळून उभा पुरला, तर विकतच्या खांबापेक्षा ठमीला तो जास्त आवडतो. बसायच्या फळ्या घराच्या भिंतीवर लावा, कुंपणाकडे नको. दोन फूट बाय दोन फुटांचा वाळूचा वाफा एका कोपऱ्यात ठेवा आणि रोज साफ करा. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं, कारण मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो.

झाडांमध्ये गुलाब, मोगरा, केळ, बांबू ठेवायला हरकत नाही. कुंडीत गहू पेरले की आठवड्यात गव्हांकुर येतात, मांजरं ते आवडीने चघळतात. पावसाळ्यात पडीक जागेत खोकली नावाचं तण उगवतं. त्याच्या ताज्या मुळाच्या वासावर मांजर लोळतं, घासतं, वेडं होतं. अधूनमधून एखादं मूळ धुऊन पुढे टाकते, खायला लागली की उचलते.

काढायची झाडं मात्र आजच काढा. लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करते. पान चघळणं राहू द्या, अंगावर पडलेले परागकण चाटले तरी पुरतं. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, एरंड, रुई, सायकस हीसुद्धा विषारी आहेत, आणि आपल्याकडे कण्हेर जवळजवळ प्रत्येक कंपाउंडला असते. मनीप्लांट जिवावर येत नाही, पण तोंडाची आग होते.

झाडांइतकंच घरातलं विष महत्त्वाचं. अंगण फिनाइलने पुसू नका. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही आणि मांजर पंजे चाटतं. सापासाठी कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवायची पद्धत आहे, त्याने साप जात नाही आणि मांजराला विषबाधा होते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेलं परमेथ्रिन मांजराला कधीही लावू नका. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देणं म्हणजे थेट विष देणं आहे. उंदराचं औषध तुमच्या घरात नसलं तरी शेजारच्या गोदामात ते खाल्लेला उंदीर तुमच्या अंगणात येऊन मरतो, म्हणून शेजाऱ्यांशी बोलून ठेवा.

पहिले पंधरा दिवस

अंगणात सोडण्याआधी लसी पूर्ण करा. पिलाला सहा ते आठ आठवड्यांपासून तिहेरी लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. पाच-सहा महिन्यांत नसबंदी करून घ्या. नसबंदी न केलेला बोका माजावर आलेल्या मादीसाठी असली-नसली सगळी कुंपणं तपासतो, तेव्हा ऑपरेशन हाही कुंपणाचाच भाग आहे. गळ्यात दोरा किंवा घुंगराचा घट्ट पट्टा बांधू नका, फांदीला अडकून फास बसतो. ओढ बसल्यावर आपोआप सुटणारा पट्टा घ्या आणि त्यावर फोन नंबर लिहा.

पहिल्या दिवशी जेवणाच्या आधी, पोट रिकामं असताना, पंधरा मिनिटं. दार उघडं ठेवून स्वतः पायरीवर बसा, मांजराला उचलून नेऊ नका, त्याचं त्याला बाहेर येऊ द्या. मग डबा वाजवून आत बोलवा आणि खायला द्या. रोज थोडा वेळ वाढवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते कुंपण तपासायला लागेल. कुठे थांबतं, कुठे मान वर करतं, कुठे पंजा टाकतं ते बघा, तीच तुमच्या दुरुस्तीची यादी. ठमीने गेटजवळच्या कोपऱ्यात चार दिवस रोज प्रयत्न केला. पाचव्या दिवशी ती तिथे जाऊन नुसती बसली, मग गव्हांकुराच्या कुंडीकडे गेली. दोन आठवडे एकदाही बाहेर गेलं नाही की मगच नजरेआड सोडा.

तिन्हीसांजेला मांजर घरात, हा नियम कुंपण कितीही चांगलं असलं तरी पाळा. एक इंची जाळीतून मण्यार आरामात येते, आणि बिबट्याला हे कुंपण म्हणजे काहीच नाही. संध्याकाळचं जेवण कायम घरातच द्या, ते आपण होऊन येतं. मांजर अचानक लडखडायला लागलं, पापण्या जड झाल्या किंवा पाय-तोंड भराभर सुजलं, तर सापाचा दंश समजून सरळ पशुवैद्यकाकडे न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, पण वेळेत मिळालं तर.

ऊन, वादळ, आखाजी

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत अंगण सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तिन्हीसांजेपर्यंत. सावलीत मातीच्या परळात पाणी, दिवसातून दोनदा बदललेलं. एका कोपऱ्यात ओलं गोणपाट टाका, ठमी दुपारी खिडकीतून त्याच्याकडेच बघत असते. लोखंडी फळ्या काढा, चटका बसतो. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ती धोक्याची खूण आहे. साध्या पाण्याने अंग ओलं करा, पंखा लावा, दवाखाना गाठा. बर्फाचं पाणी नको.

सावलीसाठी वर शेडनेट बांधली असेल तर ती एका बाजूने पटकन सोडता येईल अशी बांधा. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला जे वादळ रावेर-यावलच्या केळीच्या बागा झोपवतं, तेच शेडनेट शिडासारखी फुगवून खांब वाकवतं. वादळानंतर आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर कुंपणाला एक फेरी मारायचीच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पोरं झोक्यावर, गेट दिवसभर उघडं. दिवाळीत फटाके. या दोन्ही सणांत मी अंगणाचा हट्ट धरत नाही. आतल्या खोलीत वाळूचं तसराळं, पाणी, एक खोकं आणि दाराला कडी.

निसटलंच तर

घाबरून गावभर हाका मारत फिरू नका. निसटलेलं पाळीव मांजर पहिले काही तास बहुतेक वेळा अगदी जवळ, आसपासच्या दोन-चार घरांत, कशाच्या तरी खाली दबून बसलेलं असतं आणि ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. त्याची रोजची वाळू आणि अंथरूण गेटबाहेर ठेवा. शेजाऱ्यांची गोदामं, मोटारीखालची जागा, पऱ्हाटीचे ढीग बॅटरी घेऊन बघा, डोळे चमकतात. रात्री रस्ता शांत झाला की गेट उघडं ठेवून, जेवणाचा डबा घेऊन पायरीवर बसा आणि डबा हळू वाजवा. ठमी एकदाच गेली होती, खांब झुकले त्या ऑगस्टमध्ये. रात्री पावणेदोनला काकांच्या मिरच्यांच्या वाफ्यातून ओली होऊन आली, सरळ डब्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी जिभाऊंच्या दुकानासमोर उभी होते.